नव्या राज्याचे सुवर्णनाणे

सीपरी बाजारातील सराफी पेढीवर जुना दागिना मोडीत निघतो तेव्हा त्यात ओवलेले नाणेही सोन्याच्याच भावाने जाते. त्यावर कोणाचे नाव आहे, हे तराजूला कळत नाही. नाणकशास्त्राच्या अभ्यासकाला मात्र त्या नावातच सारा इतिहास दिसतो. नव्याने स्वतंत्र झालेल्या राष्ट्रांची पहिली सुवर्णनाणी जमविणारे संग्राहक तर नावासाठीच नाणे घेतात. अमेरिकेने १७७६ साली स्वातंत्र्य घोषित केले. तिची पहिली सोन्याची नाणी फिलाडेल्फियाच्या टांकसाळीतून १७९५ साली निघाली. केनिया १९६३ साली स्वतंत्र झाला आणि १९६६ साली त्याने केन्याट्टांची छबी असलेली सुवर्णनाणी पाडली. आपल्या घरचे उदाहरण या दोहोंहून जुने आहे.

६ जून १६७४ रोजी रायगडावर राज्याभिषेक झाला आणि शिवाजी महाराजांच्या नावाचा सोन्याचा होन अस्तित्वात आला. वजन सुमारे २.८ ग्रॅम, कडेने ठिपक्यांचे वर्तुळ, एका बाजूस ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’. अक्षरे नागरी. चित्र नाही, अलंकार नाही. सभोवारच्या शाही सत्तांची नाणी फारसी लिपीत असताना या दोन ओळींचा अर्थ काय, हे प्रजेला कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

त्याच सोहळ्यास इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन हजर होता. मुंबईची टांकसाळ तेव्हा अगदी नवी होती. कंपनीचे नाणे महाराजांच्या मुलखात चालावे, असे एक कलम इंग्रजांच्या मागण्यांत होते. त्यावर मिळालेले उत्तर मोठे मार्मिक आहे: कोणाच्याही नाण्याला आमची मनाई नाही, परंतु ज्यात रयतेचे नुकसान होईल असे नाणे घेण्याची सक्ती आम्ही तिच्यावर करणार नाही, तुमचे नाणे कसाला व वजनाला इतरांच्या बरोबरीचे असेल तर ते चालेल. प्रस्तुत लेखकाला हे उत्तर होनाइतकेच मोलाचे वाटते. नाव राजाचे असले तरी विश्वास कसाचा, हे नवे राज्य पहिल्याच वर्षी ओळखून होते. सभासदाच्या बखरीतील खजिन्याच्या यादीत शिवराई होन हा देवराई, अच्युतराई, इभ्रामी, पातशाही अशा अनेकांच्या पंगतीत बसला आहे, तो याच व्यवहारामुळे.

आता झाशीकडे वळू. १७४२ च्या सुमारास नारो शंकर येथे पेशव्यांचे सुभेदार म्हणून आले आणि मराठ्यांचे ठाणे कायम झाले. पुढे येथल्या टांकसाळीतून रुपये निघू लागले. त्यांवर गावाचे नाव ‘बलवंतनगर’, परंतु बादशहाचे नाव दुसऱ्या शाहआलमचे! रायगडापेक्षा कितीतरी विस्तीर्ण झालेल्या सत्तेने, महादजी शिंद्यांच्या आश्रयाला आलेल्या बादशहाचे नाव नाण्यावर का चालविले? हा दुबळेपणा होता असे मला वाटत नाही. ओळखीच्या नावाचा रुपया सावकार बट्ट्यावाचून घेई. नव्या नावावर बट्टा बसे. मात्र यामुळेच स्वतःच्या नावाने नाणे पाडण्याचे १६७४ चे धाडस अधिक उठून दिसते.

तो होन आज अत्यंत दुर्मिळ आहे आणि त्याच्या नकला करणारेही पुष्कळ आहेत. जुने सोने वाचले ते बहुधा स्त्रियांच्या गळ्यात. पुतळ्यांच्या माळेतील ‘पुतळी’ म्हणजे मुळात व्हेनिसचे डुकाट. समुद्रापलीकडच्या त्या प्रजासत्ताकाचे नाणे आपल्या आज्या-पणज्यांनी नकळत जतन केले. नाण्याला कडी डाकलेली असली की संग्राहक नाक मुरडतो, पण ती कडी नसती तर ते केव्हाच मुशीत गेले असते.

तेव्हा माळ मोडण्यापूर्वी प्रत्येक नाण्याच्या दोन्ही बाजू पाहाव्यात, छायाचित्र घ्यावे, वजन लिहून ठेवावे. चिंच लावून घासू नये. झाशीचे राजकीय संग्रहालय किल्ल्याजवळच आहे. जाणकाराचा सल्ला घेतल्यावाचून निर्णय करू नये. जमिनीत पुरलेले नाणे सापडल्यास १८७८ च्या निखात निधी कायद्यान्वये, दहा रुपयांहून अधिक किमतीच्या ठेव्याची वर्दी कलेक्टरला द्यावी लागते. परदेशी स्थायिक झालेल्या लेकीसुनांना शंभर वर्षांहून जुने नाणे आठवण म्हणून सोबत नेता येणार नाही. १९७२ च्या पुरावशेष कायद्याने त्यास मनाई आहे.