हायब्रीडचे मालक आणि इंद्रवेल्लीचा प्रश्न

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर एका मोटार कंपनीचे बोलावणे आले. हायब्रीड गाड्यांच्या मालकांसाठी पणजीजवळ एक खुला दिवस ठेवला होता. गाडी कशी चालते ते दाखवणार, आमच्या शंका ऐकून घेणार, वर चहा-फराळ. अशा ठिकाणी मी सहसा जात नाही. यावेळी मात्र गेलो, कारण इंद्रवेल्लीहून आणलेला एक प्रश्न माझ्या खिशात होता.

इंद्रवेल्ली हे तेलंगणातील आदिलाबाद जिल्ह्यातले गाव. जवळच केसलापूर येथे पौष अमावास्येला नागोबाची जत्रा भरते. गोंडांमधील मेसराम कुळाचे लोक गोदावरीचे पाणी आणण्यासाठी अनवाणी चालत जातात आणि त्या पाण्याने देवाचा अभिषेक होतो. नांदेडच्या एका मित्राच्या आग्रहावरून मी त्या जत्रेला गेलो होतो. हा मुलूख सीमेवरचा. गोंडी, तेलुगू आणि मराठी एकाच बाजारात कानावर पडतात. गोंडांची वंशगाथा गाणारे परधान तर पिढ्यानपिढ्या मराठी बोलत आले आहेत. त्यामुळे गोव्याच्या माणसालाही तिथे परके वाटत नाही.

बाजाराच्या गर्दीतून मी गाडी हळूहळू काढत होतो. अशा वेळी इंजिन बंद राहते आणि गाडी बॅटरीवर चालते. बैलगाडीला टेकून उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्याने विचारले,

"साहेब, इंजिन बंद पडलं का काय?"

"नाही बाबा, ही हायब्रीड गाडी आहे."

तो मनापासून हसला. "हायब्रीड? मंग तर दर साली नवं बी घ्यावं लागत असंल!"

तेव्हा मीही हसलो. पण ते वाक्य पुढे गोव्यापर्यंत माझ्यासोबत आले.

मराठी माणसाला 'हायब्रीड' हा शब्द मोटारवाल्यांनी दिलेला नाही, तो शेतातून आला. १९६४ साली सीएसएच-१ हे ज्वारीचे संकरित वाण प्रसारित झाले. उत्पन्न वाढले, दुष्काळाच्या वर्षांत अनेक घरांची चूल त्यावर पेटली, हे विसरता येणार नाही. पण गावंदरीच्या ज्वारीची चव त्या भाकरीला नव्हती आणि बोलीभाषेने लगेच आपला निकाल दिला. जे दिसायला टपोरे पण कसाला कमी, ते 'हायब्रीड'. आजही खेड्यातले आजोबा दमलेल्या नातवाला 'हायब्रीड पिढी' म्हणून हिणवतात.

१९७० साली डॉ. सी. टी. पटेल यांनी सुरतेच्या संशोधन केंद्रात एच-४ हा कापसाचा संकर सिद्ध केला. व्यापारी लागवडीसाठी आलेला तो जगातील पहिला संकरित कापूस. पुढे २००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि आपल्याकडे तोही संकरित बियाण्याच्या रूपातच आला. आदिलाबाद हा कापसाचा जिल्हा. संकरित वाणाचा जोम पुढच्या पिढीत टिकत नाही, म्हणून घरचे बी राखून उपयोग होत नाही. दरवर्षी पाकीट विकत आणावे लागते. आमच्या खाजन शेतीतले कोरगुट भात पिकवणारा शेतकरी बियाण्यासाठी कोणाच्या दारात जात नसे. उत्पन्न कमी असेल, पण बी त्याचे होते. म्हाताऱ्याच्या थट्टेत हा सगळा अनुभव होता.

आता मोटारीचा इतिहास पाहू. हायब्रीड गाडी ही नव्या युगाची किमया आहे असे आपण समजतो. प्रत्यक्षात फर्डिनांड पोर्शे या तरुण अभियंत्याने व्हिएन्नाच्या लोहनर कारखान्यात १९०० च्या सुमारास अशी गाडी बनवली होती. पेट्रोलची इंजिने वीज तयार करीत आणि चाकांत बसवलेल्या मोटारी त्या विजेवर फिरत. नाव होते 'सेंपर व्हायवस', म्हणजे सदा जिवंत. पुढे फोर्डची स्वस्त 'मॉडेल टी' १९०८ साली आली, १९१२ पासून बटणावर सुरू होणारी पेट्रोल इंजिने आली आणि ही कल्पना मागे पडली. १९९७ च्या डिसेंबरात टोयोटाने जपानमध्ये 'प्रियस' बाजारात आणली तेव्हा ती पुन्हा रुजली. प्रियस या लॅटिन शब्दाचा अर्थ 'आधीचा'. आपल्या देशात होंडाची सिव्हिक हायब्रीड २००८ साली आली, किंमत एकवीस लाखांच्या वर. सामान्य मध्यमवर्गीयाच्या आवाक्याजवळ ही गाडी आली ती २०२२ साली, होंडा, मारुती आणि टोयोटा यांची इथेच बनलेली मॉडेल्स आल्यावर.

खुल्या दिवशी दालनात मधोमध उभा छेद दिलेले इंजिन मांडले होते. ब्रेक लावताच मोटार उलटी जनित्रासारखी कशी चालते आणि वाया जाणारी गती बॅटरीत कशी साठते, हे तरुण अभियंत्याने छान समजावले. मागच्या सीटजवळची हवेची जाळी धुळीने तुंबू देऊ नका, बॅटरी तापते, हा त्याचा सल्ला सर्वांनी लिहून घेतला. मडगावच्या डॉक्टरांनी मायलेज विचारले. फोंड्याच्या निवृत्त गुरुजींनी पुराच्या पाण्याचे विचारले. मग मी खिशातला प्रश्न काढला. ही बॅटरी संपल्यावर माझ्या गावचा मेस्त ती उघडू शकेल का?

अभियंता म्हणाला, "नाही. नारिंगी वेष्टनाच्या या तारांत दीडशे व्होल्टांहून जास्त दाब असतो. प्रशिक्षण नसलेल्या माणसाने हात लावला तर जीव जाईल." त्याचे म्हणणे खरेच होते. आपल्याकडच्या बहुतेक हायब्रीड गाड्यांच्या बॅटरीला आठ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची हमी असते. मागच्या रांगेतला म्हापशाचा टॅक्सीवाला उठला. "आनी तें सोंपल्या उपरांत?" त्याला उत्तर मिळाले नाही. प्रश्न कागदावर टिपून घेतला गेला.

तो कागद पाहताना मला केसलापूरचा दरबार आठवला. १९४० साली जोडेघाट येथे कोमराम भीम मारला गेला. जमिनीसाठी आणि जंगलावरच्या हक्कासाठी गोंडांनी केलेला तो उठाव होता. त्यानंतर निजाम सरकारने ख्रिस्टोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ या ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञाकडे या समाजाचा अभ्यास सोपवला. त्यांच्या पुढाकाराने हजारो गोंडांना जमिनीचे पट्टे मिळाले, गोंडी मुलांसाठी देवनागरीत पुस्तके निघाली आणि नागोबाच्या जत्रेत दरबार भरू लागला. लोकांनी कचेरीत जायचे नाही, अधिकाऱ्यांनी लोकांच्या देवापाशी येऊन गाऱ्हाणी ऐकायची. ही प्रथा आजही चालू आहे.

पण ऐकून घेणे आणि तड लावणे यांत अंतर असते. बाहेरून आलेल्यांच्या हाती जमिनी जातच राहिल्या. २० एप्रिल १९८१ रोजी, सोमवारच्या बाजारच्या दिवशी, जमिनीचे पट्टे मागण्यासाठी गोंड इंद्रवेल्लीत जमले. सभेची परवानगी नाकारण्यात आली होती. पोलिसांनी गोळीबार केला. सरकारी आकडा १३ मृतांचा. लोक त्याहून कितीतरी मोठा सांगतात. गावात त्यांच्या स्मृतीचा स्तूप आहे. जत्रेहून परतताना मी तिथे काही वेळ उभा होतो.

आमच्या खुल्या दिवसाची त्या सभेशी तुलना करणे मला शोभणार नाही. कोठे वातानुकूलित दालन आणि कोठे ते माळरान. तरीही दोन्हीकडे शब्द एकच होता, मालक. आम्हाला कंपनी मालक म्हणून हार घालत होती. ते कसत असलेल्या जमिनीचे मालक आहेत हे कागदावर यावे एवढेच मागत होते. बी राखता येत नसेल तर शेतकरी पिकाचा मालक किती, आणि उघडता येत नसेल तर मी गाडीचा मालक किती? माझी गाडी पेट्रोल वाचवते, मला ती आवडते आणि मी ती विकणार नाही. पण प्रशिक्षण गावच्या मेस्तालाही देता येईल, सुटे भागही खुल्या बाजारात येतील. हे कोणीतरी मागितले पाहिजे.

निघताना अभिप्रायाचा कागद हातात दिला गेला. चहा कसा होता, स्वागत कसे होते, असे रकाने होते. खाली उरलेल्या कोऱ्या जागेत मी म्हाताऱ्याचे वाक्य जसेच्या तसे लिहिले. वाचणाऱ्याला ते कळले असेल की नाही, देव जाणे. टॅक्सीवाल्याने मात्र ते माझ्या खांद्यावरून वाचले आणि आपल्या कागदावरही उतरवून घेतले.