आपला वैरी नांगर: भंडाऱ्यातलं पुरलेलं पाणी

गेल्या हिवाळ्यात गावी, भंडारा जिल्ह्यात, विहिरीपासून धानाच्या बांधीपर्यंत पाइप पुरायचा होता. मी इंजिनियर, म्हणजे आधी यूट्यूब. कॅनडातला एक माणूस सांगत होता, जमीन जिथवर गोठते त्याच्याही खाली पाइप घाला. कारण बर्फ होताना पाणी साधारण 9 टक्के फुगतं आणि पाइप फोडतं.

आबाजींना व्हिडिओ दाखवला. ते म्हणाले, "आपल्या इथं जमीन गोठते कधी, बाबू? आपला वैरी नांगर."

खरंच की! आपल्याकडे थंडीत दात वाजतात, पण जमीन गोठत नाही. उघड्यावरचा पीव्हीसी पाइप उन्हानं ठिसूळ होतो, आणि उथळ पुरलेला नांगराच्या फाळात सापडतो. किती खोल जायचं, हे वैरी कोण त्यावर ठरतं.

हा हिशेब आपल्या जिल्ह्याला नवा नाही. इथले जुने तलाव बांधण्यात कोहळी समाजाचा मोठा वाटा. मातीची पाळ घालून पावसाचं पाणी अडवायचं आणि पाळीच्या पोटातून ते बांध्यांकडे सोडायचं. पाणी सोडायच्या त्या सोयीला म्हणतात तुडुम. इथला वैरी वेगळाच. मातीच्या कुठल्याही बांधात नळाच्या आतल्या पाण्यापेक्षा बाहेरून, नळ आणि मातीच्या फटीतून झिरपणारं पाणी जास्त धोक्याचं. ते बरोबर माती नेतं, फट वाढते आणि शेवटी पाळच खचते. म्हणून नळाभोवतीची माती नीट दाबावी लागते, आणि दर पावसाळ्यात कुणीतरी जाऊन बघावं लागतं.

हे 'कुणीतरी' फार महत्त्वाचं. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, 1750 च्या आसपास, कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्यापर्यंत जमिनीखालून पाणी आणलं. त्या वाटेवर मध्ये मध्ये उच्छ्वास बांधले. त्यांतून हवा बाहेर पडायची आणि माणसाला आत डोकावता यायचं. पुरलेलं पाणी विसरायचं नसतं, हे त्या बांधणीतच होतं.

आपल्याकडे मात्र विसरणं झालं. 1950 च्या कायद्यानं मालगुजारी संपली आणि 1951 पासून तलाव सरकारकडे गेले. 'मामा तलाव' यातलं 'मामा' म्हणजे माजी मालगुजारी, आईचा भाऊ नाही! मालगुजारी गेली ते बरंच झालं, कूळ सुटलं. पण गाळ कुणी काढायचा, तुडुम कुणी बघायचं, हे गावाच्या हातातून निसटलं. पूर्व विदर्भात असे 6 हजारांवर तलाव आहेत, आणि कित्येक गाळानं भरलेत.

आमच्या घरीही तेच. खोदताना दोन फुटांवर एक जुना सिमेंटचा नळ लागला. कुठून कुठे जातो, कुणालाच सांगता येईना. आबाजी बराच वेळ बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "मीच टाकला असंन."

नवा पाइप आम्ही अडीच फूट खाली घातला. प्रत्येक वळणावर दगड रोवला आणि विहिरीपासूनची मापं वहीत लिहिली. मोबाइल बदलतो, वही घरातच राहते.

तुमच्या गावच्या तलावाचं तुडुम कुठे आहे? घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आजच विचारा. ते सांगतील तेव्हा फोनचं रेकॉर्डिंग चालू ठेवा.