निवडणुकीच्या तोंडावर रिकामी झालेली खुर्ची

शिरूरच्या आपण शिरूर मतदारसंघात मत देतो, दौंडच्या बारामतीत. पण न्यायाधीश कोण व्हावा याच्याशी आपल्या मताचा काय संबंध? त्यासाठी १९७७ चा जानेवारी आठवू या.

आणीबाणी चालू होती. १८ जानेवारीला इंदिरा गांधींनी निवडणूक जाहीर केली, लोकसभा विसर्जित झाली. दहाच दिवसांनी सरन्यायाधीश अजितनाथ रे निवृत्त झाले. ज्येष्ठतेने पाळी हंसराज खन्ना यांची होती. पण एप्रिल १९७६ मध्ये पाच न्यायमूर्तींपुढे प्रश्न आला होता, की विनाचौकशी तुरुंगात डांबलेल्या माणसाला आणीबाणीत कोर्टाचं दार ठोठावता येतं का? चौघे नाही म्हणाले, एकटे खन्ना हो म्हणाले. त्यांना डावलून त्या चौघांतल्या बेग यांना खुर्ची दिली. खन्नांनी राजीनामा दिला. जाब विचारायला लोकसभाच उरली नव्हती! तसंही आपल्याकडे न्यायाधीश नेमताना खासदारांचं मत घेत नाहीत.

अमेरिकेत घेतात. तिथे सिनेटची संमती लागते. २०१६ मध्ये ओबामांनी मार्च महिन्यात मेरिक गारलँड यांचं नाव पाठवलं. निवडणुकीचं वर्ष आहे म्हणत सिनेटने सुनावणीच घेतली नाही. २०२० मध्ये मात्र, मतदानाला आठ दिवस उरले असताना, त्याच पक्षाच्या सिनेटने एमी बॅरेट यांना मान्यता दिली. नाकारायचं तर नाकारा, पण कागद वाचा तरी! गटात कर्जाचा अर्ज आला तर आपण तो न वाचता ठेवून देतो का? कारण इतिवृत्तात लिहावंच लागतं.

आपले खासदार नेमणूक करत नसले, तरी हायकोर्टातल्या रिकाम्या जागांबद्दल संसदेत प्रश्न विचारू शकतात. प्रचाराला येतील तेव्हा हे त्यांना विचारायला हरकत नाही.

नाही म्हणणाऱ्या त्या चौघांत यशवंतराव चंद्रचूडही होते. घराणं आपल्या शेजारच्या खेड तालुक्यातल्या कनेरसरचं. १९७८ मध्ये त्यांची पाळी आली तेव्हा मुंबईच्या काही वकिलांनी त्या निकालावरून विरोध केला. नव्या जनता सरकारने तरीही ज्येष्ठता पाळली. मला ते योग्य वाटतं, कारण राग आला म्हणून पाळी मोडायची तर खन्नांचं काय चुकलं होतं? एप्रिल १९८५ मध्ये याच चंद्रचूडांच्या पीठाने इंदूरच्या शाहबानोंना पोटगीचा हक्क दिला. पुढच्याच वर्षी संसदेने कायदा करून तो निकाल बाजूला सारला.