एकोणीस डॉलरचा स्कोप

पब्जी किंवा बीजीएमआय खेळलेल्या कुणालाही विचारा, लूटमध्ये ८ एक्स स्कोप सापडला की काय वाटतं. तिथला हिशोब सरळ असतो. २ एक्सपेक्षा ४ एक्स भारी, ४ पेक्षा ६, ६ पेक्षा ८. खऱ्या शिकारी रायफलवरच्या स्कोपचा इतिहास या हिशोबाने वाचायला गेलं तर तो कळतच नाही. सामान्य माणसाला परवडणारा स्कोप गेल्या नव्वद-पंच्याण्णव वर्षांत सुधारत गेला, तो आत बाष्प धरू नये, धक्क्याने काही हलू नये, तिन्हीसांजेला नीट दिसावं, अशा साध्यासुध्या कटकटी सोडवत.

मी अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात, हिल्सबरो-बीव्हर्टन पट्ट्यात सॉफ्टवेअरचं काम करतो. चिप कंपन्यांमुळे इथे मराठी माणसं भरपूर आहेत. याच बीव्हर्टनमध्ये ल्युपोल्ड अँड स्टीव्हन्स ही स्कोप बनवणारी जुनी कंपनी आहे. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार ही जुन्या पुस्तकांतली किंवा पोलिसांच्या बातमीतली गोष्ट झाली. इथे मात्र शरद ऋतूत ऑफिसातला एखादा सहकारी रीतसर परवाना काढून आठवडाभर रजा टाकतो आणि हरणाचं मांस फ्रीझरमध्ये भरून हिवाळाभर पुरवतो. अशाच एका सहकाऱ्याने माझ्यापुढे दोन स्कोपच्या स्पेक-शीट ठेवल्या. दोन्हींची किंमत पाचशे डॉलरच्या आत, जवळपास सारखीच. “तू इंजिनियर आहेस, सांग कुठला घेऊ,” म्हणाला.

मी शिकार करत नाही आणि शिकार करावी की नाही हा वाद इथे घालणारही नाही. पण कुणी करणारच असेल तर गोळी एकच लागावी आणि नेमकी लागावी, यावर दोन्ही बाजूंचं एकमत व्हायला हरकत नसावी. त्या कागदावरची प्रत्येक ओळ कुठून आली हे शोधत मी मागे मागे गेलो, तो थेट एका कोळ्यापर्यंत पोचलो.

कोळ्याचा धागा

१६४० च्या थोडं आधी इंग्लंडमधल्या यॉर्कशरमध्ये विल्यम गॅस्कॉइन नावाचा खगोलप्रेमी होता. त्याच्या उघड्या राहिलेल्या दुर्बिणीत कोळ्याने धागा ताणला. गॅस्कॉइनने डोळा लावला तेव्हा तो धागा आणि लांबचं दृश्य एकाच वेळी स्पष्ट दिसलं. ही दुर्बीण केप्लरच्या पद्धतीची होती. त्या रचनेत पुढच्या भिंगाची प्रतिमा नळीच्या आत एका ठरावीक जागी तयार होते. तिथे ठेवलेली कुठलीही बारीक वस्तू प्रतिमेवर चिकटवल्यासारखी दिसते. आज ज्याला आपण क्रॉसहेअर किंवा रेटिकल म्हणतो, ते हेच. गॅस्कॉइन १६४४ मध्ये मार्स्टन मूरच्या लढाईत मारला गेला, पण कल्पना टिकली.

केप्लरच्या दुर्बिणीत चित्र उलटं दिसतं. आकाशातल्या ताऱ्याला त्याचं काही नसतं, हरणाच्या बाबतीत मात्र चालत नाही. म्हणून रायफलच्या स्कोपमध्ये मधोमध चित्र सुलटं करणारी भिंगांची आणखी एक छोटी नळी असते, इरेक्टर. हिला लक्षात ठेवा. पुढचा बराचसा खर्च आणि बरीचशी भानगड तिचीच आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर न्यूयॉर्क राज्यात जॉन चॅपमन आणि मॉर्गन जेम्स यांनी रायफलच्या नळीइतके लांब पितळी-पोलादी स्कोप बनवले. १८५५ पासून सिराक्यूसच्या विल्यम माल्कमने त्यांत चांगली भिंगं आणली. अमेरिकी यादवी युद्धात ते वापरलेही गेले. पण ती कारागिरांची कामं होती, पैसेवाल्यांसाठी. युरोपात व्हिएन्नाच्या काहलेस आणि येनाच्या झाइस यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उत्तम शिकारी स्कोप काढले. तेही जहागीरदारांच्याच भिंतीवर शोभणारे.

मंदीतला माणूस

मधली किंमत जन्माला आली १९३० मध्ये, ऐन महामंदीत. केंटकी राज्यातल्या न्यूपोर्ट गावी पंचविशीच्या आसपासचा बिल वीव्हर नावाचा तरुण ३३० नावाचा स्कोप विकू लागला. जेमतेम पाऊण इंच जाडीची नळी आणि पावणेतीन पटीच्या आसपास मोठेपणा. रायफलवर बसवायच्या माउंटसकट किंमत १९ डॉलर. १९३३ मध्ये त्याने बस्तान टेक्सासमधल्या एल पासोला हलवलं. तिथून शेतकरी, गुराखी, गिरणी कामगार अशा माणसांच्या रायफलींवर पहिल्यांदाच काच चढली.

महागाईचा हिशोब लावला तर १९३० चे १९ डॉलर म्हणजे आजचे सुमारे साडेतीनशे. आज अमेरिकेतला शिकारी ‘मधल्या किमतीचा’ म्हणतो तो स्कोप साधारण तिथूनच सुरू होतो. म्हणजे शंभरेक वर्षांत किंमत फारशी हललेली नाही. त्या किमतीत मिळणारी वस्तू मात्र पार बदलली, आणि ती कशी बदलली यातच निवडीचं उत्तर आहे.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्कराला स्नायपर रायफलींसाठी घाईने स्कोप हवे होते. वीव्हरचा हाच शिकारी स्कोप एम७३बी१ या नावाने एम१९०३ए४ रायफलवर चढला. युद्धात त्याची कमजोरी उघडी पडली. तो जलरोधक नव्हता. पावसात आणि दमट हवेत काचा आतून धुरकट व्हायच्या. एसी कॅबमधून जुलैच्या मुंबईत उतरलं की फोनचा कॅमेरा धूसर होतो तसंच. फरक इतकाच की तिथे शर्टाच्या टोकाने काच पुसता येते, स्कोपच्या आत बोट जात नाही.

पाऊस, नायट्रोजन आणि जांभळी झाक

ओरेगनमधल्या पावसाबद्दल मी वेगळं सांगायला नको. इथल्या लोकांना रत्नागिरीकरांइतकंच त्याचं कौतुक आणि वैताग. ल्युपोल्ड ही कंपनी १९०७ मध्ये पोर्टलंडला जमीन मोजणीची उपकरणं दुरुस्त करण्यासाठी सुरू झाली. मार्कस ल्युपोल्डचा शिकारीत नेम हुकला, कारण स्कोप आतून धुरकटला होता, आणि ‘यापेक्षा बरा मीच बनवेन’ असं तो वैतागून म्हणाला, ही गोष्ट कंपनी अजून अभिमानाने सांगते. १९४७ मध्ये त्यांचा पहिला स्कोप, प्लेन्समन, बाजारात आला. पुढे नळीतली दमट हवा काढून तिथे कोरडा नायट्रोजन भरायचा आणि रबरी रिंगांनी सगळे सांधे बंद करायचे, ही पद्धत रूढ झाली. आतमध्ये बाष्पच नसेल तर काचेवर जमणार काय?

प्रकाशाचं गणित दुसरीकडे सुटलं. साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो. स्कोपमध्ये असे दहा पृष्ठभाग धरले तर ०.९६ चा दहावा घात, म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश प्रकाश वाटेतच गेला. १९३५ मध्ये झाइसच्या अलेक्झांडर स्माकुलाने काचेवर अतिपातळ लेप देऊन हे परावर्तन कमी करण्याची पद्धत काढली. लेपाच्या अनेक थरांनी हा तोटा दर पृष्ठभागाला अर्ध्या टक्क्यापर्यंत आणला, तर त्याच दहा पृष्ठभागांतून ९५ टक्के प्रकाश पार होतो. तुमच्या फोनच्या कॅमेऱ्यावर तिरपं पाहिलं की जांभळी-हिरवी झाक दिसते ना, ती याच कल्पनेची.

हरणं बाहेर पडतात ती पहाटे आणि सांजेला, म्हणून हा हिशोब महत्त्वाचा. इथेच मोठ्या आकड्याचा मोह अंगाशी येतो. स्कोपमधून डोळ्याकडे येणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी काढायला पुढच्या भिंगाचा व्यास मोठेपणाने भागायचा. ४×३२ मध्ये ती ८ मिलिमीटर येते. ४० मिलिमीटरच्या भिंगावर ९ पट लावलं की ४.४. अंधारात तरुण डोळ्याची बाहुली ७ मिलिमीटरपर्यंत उघडते. म्हणजे त्याच स्कोपवर आकडा वाढवला की चित्र मोठं होतं आणि काळोखतं. जर्मन-ऑस्ट्रियन शिकारी चांदण्या रात्री मचाणावरून रानडुकरावर नेम धरायला ८×५६ वापरत आले, कारण ५६ भागिले ८ बरोबर ७.

स्प्रिंगचा प्रश्न

आता त्या इरेक्टर नळीकडे येऊ. आजच्या स्कोपवरची तबकडी ‘टिक’ करून फिरवली की आत एक स्क्रू या नळीला केसभर ढकलतो. समोरून एक स्प्रिंग तिला स्क्रूवर दाबून धरते. बहुतेक अमेरिकी स्कोपवर एक टिक म्हणजे कोनाच्या मिनिटाचा चौथा भाग, १०० मीटरवर सुमारे ७ मिलिमीटर. १९५०-६० च्या दशकांत मोठेपणा कमी-जास्त करता येणारे स्कोप, विशेषतः ३-९, लोकप्रिय झाले. या इरेक्टरमध्ये सरकणारी भिंगं आली आणि काम आणखी नाजूक झालं. त्यावर प्रत्येक गोळीला रायफलचा दणका.

स्प्रिंग कमजोर असेल तर दणक्यानंतर नळी जागेवर परत येत नाही. समजा नेम कोनाच्या ३ मिनिटांनी सरकला. २०० मीटरवर ही चूक १७ सेंटिमीटर होते. हरणाचं हृदय-फुप्फुसांचं क्षेत्र साधारण २० ते २५ सेंटिमीटर व्यासाचं. त्याच्या मध्यावर धरलेली गोळी त्या वर्तुळाबाहेर जाते, पोटात किंवा पायात. मग ते जनावर तिथे पडत नाही. ते पळतं, आणि रात्रभर कुठेतरी झुडपात मरत राहतं. स्पेक-शीटवर ‘स्प्रिंग चांगली आहे’ अशी ओळ नसते, आणि सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच.

तिची परीक्षा मात्र सोपी आहे. आमच्या भाषेत सांगायचं तर रिग्रेशन टेस्ट. लक्ष्यावर एक गोळी झाडायची. मग २० टिक वर, २० उजवीकडे, २० खाली, २० डावीकडे. प्रत्येक वळणावर एकेक गोळी, नेम मात्र दर वेळी त्याच ठिपक्यावर. कागदावर चौकोन उमटला पाहिजे आणि शेवटची गोळी पहिल्या भोकाशेजारी आली पाहिजे. न आल्यास स्कोप परत करायचा.

दोन कागद

सहकाऱ्याच्या पहिल्या कागदावर ४-१६×५० होता. उजळणारं रेटिकल, बाजूला पॅरलॅक्सची तबकडी, उंच उघडे टरेट. दुसऱ्यावर साधा ३-९×४०. झाकलेल्या तबकड्या, दिवा नाही, काही नाही. किंमत सारखी.

सारख्या किमतीत एकाकडे चार गोष्टी जास्त असतील तर त्यांचे पैसे कुठून तरी आलेत. काचेच्या लेपातून, सांध्यातल्या रिंगांतून, नाहीतर त्या स्प्रिंगमधून. उत्पादन जिथे स्वस्त पडतं तिथे नेल्यानेही किंमत उतरते, हे खरं. युद्धानंतर जपानी काचांनी नेमकं तेच केलं, आणि ऐंशीच्या दशकात वीव्हरचा एल पासोचा कारखानाही बंद पडला. पण आज ती स्वस्ताई दोन्ही कागदांना उपलब्ध आहे. त्यामुळे उरलेला फरक वजाबाकीचाच.

मी त्याला विचारलं, तू गोळी किती लांबून झाडतोस? तो जातो ते रान किनारपट्टीच्या डोंगरातलं, डग्लस फरच्या दाट झाडीचं, कायम ओलं. दीडशे मीटरपलीकडे फारसं दिसतच नाही. तिथे १६ पट मोठेपणा पानांचे तुकडे दाखवेल. ३ पटीवर मात्र झाडांमधून निघालेलं हरीण चटकन काचेत सापडेल. मी दुसऱ्या कागदाकडे बोट दाखवलं. डोळा आणि काच यांत नऊ-दहा सेंटिमीटर अंतर मिळतंय का ते आधी बघ, म्हटलं. नाहीतर दणक्याने स्कोप मागे येतो आणि भुवईवर कायमची चंद्रकोर कोरतो. आणि पाचशेतले पन्नास-शंभर डॉलर चांगल्या रिंगांसाठी ठेव. बाकी उरतील त्याच्या गोळ्या घेऊन सराव कर.

त्याने ३-९ घेतला. हंगामाआधी दोनदा रेंजवर जाऊन चौकोन काढला. दोन्ही वेळा शेवटची गोळी पहिल्याला चिकटून आली, तेव्हाच त्याने परवान्याचे पैसे भरले.