वर्षाचे भाडे : एक गिल्डर

परमुलखात नव्याने पाऊल टाकणाऱ्या मराठी माणसाला दोन गोष्टी आधी कळाव्याशा वाटतात : येथे जेवायला काय मिळते आणि राहायला काय पडते. बव्हेरिया प्रांतातील आउग्सबुर्ग शहरी मुलीच्या बिऱ्हाडी उतरलो, तेव्हा पहिल्या प्रश्नाचे उत्तर तिनेच पिठले-भात वाढून दिले. दुसऱ्याचे उत्तर जावयांनी दिले, आणि त्या दोन खोल्यांच्या भाड्याचा आकडा ऐकून माझा घास घशातच अडकला. माझी मुद्रा पाहून मुलगी हसली. म्हणाली, “बाबा, उद्या तुम्हाला वर्षाला एक युरोसुद्धा भाडे नसलेली वस्ती दाखवते.”

मला ती थट्टा वाटली. पण थट्टा नव्हती. शहराच्या जुन्या भागात, तटबंदीच्या आत, पिवळसर भिंतींची, हिरव्या वेलींनी मढलेली सदुसष्ट घरे आहेत. मध्ये नीट आखलेल्या गल्ल्या, एक देऊळ, आणि रात्री दहाला बंद होणारी वेस. त्यानंतर येणाऱ्याने रखवालदाराच्या हातावर थोडी चिल्लर ठेवायची. या वस्तीचे नाव फुगराय. १५२१ साली तिचे दानपत्र झाले, तेव्हा घराचे वार्षिक भाडे एक ऱ्हाईन गिल्डर ठरले. पाचशे वर्षांत ते वाढलेले नाही. आजच्या नाण्यांत ते अठ्ठ्याऐंशी सेंट होते. पाण्याचे आणि शेगडीच्या उबेचे पैसे तेवढे वेगळे. वस्ती पाहण्यासाठी मी जे तिकीट काढले, त्यात एखाद्या कुटुंबाचे काही वर्षांचे भाडे सहज भागले असते!

हे दान करणारा गृहस्थ याकोब फुगर. आडनाव ऐकताच मराठी कानाला ‘फुगणे’ आठवावे, आणि येथे ते अगदीच चुकीचे नाही. त्याचा आजोबा हान्स १३६७ मध्ये खेड्यातून या शहरात आला. तो विणकर होता. म्हणजे माझ्यासारखाच नवखा, फक्त हाताला धंदा असलेला. त्याच्या नातवाने रुप्याच्या आणि तांब्याच्या खाणी हाताशी धरल्या, पेढ्या उघडल्या, राजांना कर्जे दिली. १५१९ साली पाचव्या चार्ल्सला सम्राटपद मिळवून देण्यासाठी मतदार राजांवर साडेआठ लाखांच्या आसपास गिल्डर उधळले गेले; त्यांतले पाच लाखांहून अधिक एकट्या फुगरचे होते. पुढे वसुली रेंगाळली, तेव्हा त्याने १५२३ मध्ये सम्राटाला स्पष्ट लिहिले, की माझ्यावाचून हा मुकुट आपल्या मस्तकी चढला नसता. सावकार तो सावकारच!

त्याचे तांबे लिस्बनमार्गे आपल्या किनाऱ्याकडेही निघत असे, कारण मिरीच्या मोबदल्यात हिंदुस्थानात तांब्याला मागणी होती. २००८ साली आफ्रिकेत, नामिबियाच्या किनाऱ्यावर, एका पोर्तुगीज जहाजाचे अवशेष सापडले. हिंदुस्थानकडे येताना १५३३ मध्ये बुडालेले ‘बॉम जेझुस’ ते हेच, असे मानतात. त्यात तांब्याचे गोळे निघाले, ते काही टन. आणि त्यांवर फुगर पेढीचा त्रिशूळ उमटलेला! ते आपल्या बंदरी पोचते, तर कोणाच्या घरच्या घंगाळाला लागले असते, कोण जाणे.

या धनाला दुसरीही बाजू होती. चर्चच्या पापमुक्तीपत्रांच्या विक्रीतील पैसा याच पेढीतून फिरे, आणि त्या विक्रीवर तुटून पडणाऱ्या मार्टिन ल्यूथरची १५१८ मधील चौकशी झाली, तीही याच शहरात, फुगरच्याच वाड्यात. अशा माणसाने गरिबांसाठी घरे का बांधावीत? उत्तर भाडेपट्ट्यातच आहे. रहिवाशाने एक गिल्डर द्यायचा आणि दात्याच्या व त्याच्या कुळाच्या आत्म्यासाठी रोज तीन प्रार्थना म्हणायच्या. जन्मभर व्याज घेतलेल्या माणसाने हे एवढे एकच व्याज कायमचे लावून ठेवले.

तरीही या दानात एक मोठे शहाणपण आहे. ते भिकाऱ्यांसाठी नव्हते. कष्ट करूनही ज्यांचे भागत नाही, अशा शहरातल्या कारागिरांसाठी आणि मजुरांसाठी होते. फक्त कॅथलिकांसाठी, ही त्याची मर्यादा. ती आजही आहे. मात्र प्रत्येक बिऱ्हाडाला स्वतःचे वेगळे दार दिले. येथे राहिलेल्यांत फ्रान्झ मोझार्ट नावाचा एक गवंडीही होता. जगप्रसिद्ध संगीतकार मोझार्टचा तो पणजोबा.

फुगरचे धन पुढे ओसरले. स्पेनच्या राजांनी दिवाळी वाजवली आणि सतराव्या शतकाच्या मध्यापर्यंत पेढी संपली. फुगराय मात्र राहिली, कारण तिच्या संस्थेने आपला पैसा जंगलांत आणि जमिनीत गुंतवला. झाडे काही राजांना उधार जात नाहीत. २५ फेब्रुवारी १९४४ च्या रात्री बाँबवर्षाव झाला आणि वस्तीचा बराच भाग जळाला. पण आठवडा उलटण्याच्या आत फुगर कुळातल्या वडीलधाऱ्यांनी ती पुन्हा बांधायचे ठरवले. युद्ध चालू होते, शहर धुमसत होते, आणि ही मंडळी गरिबांच्या घरांचा विचार करीत होती! आज तेथे सुमारे दीडशे माणसे राहतात.

निघताना मुलीने दारांवरच्या घंटांच्या लोखंडी मुठी दाखवल्या. एक पानासारखी, दुसरी चीडच्या फळासारखी. एकीसारखी दुसरी नाही. रस्त्यावर दिवे नव्हते तेव्हा रात्री घरी परतणारा मजूर अंधारात मूठ चाचपून आपले दार ओळखी, असे सांगतात.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री आपण दारे उघडी ठेवतो, ती लक्ष्मीने आत यावे म्हणून. आली तर तिने जाताना काय मागे ठेवावे, हे मात्र मागायचे राहून जाते. यंदा मी हळूच मागणार आहे : अंधारात हाताला ओळखू येईल असे एक दार, ज्याला नाही त्याच्यासाठी.