'मर्यादित' : रत्नागिरी जिल्ह्यातील मालकीची परिभाषा आणि शालेय वाणिज्यशिक्षण

महाराष्ट्रातील उच्च माध्यमिक शाळांत वाणिज्य शाखेच्या अकरावीच्या वर्गास 'वाणिज्य संघटन व व्यवस्थापन' हा विषय शिकविला जातो. त्यात व्यवसायसंघटनेचे प्रकार सांगणारे एक प्रकरण असते. एकल व्यापारी, भागीदारी संस्था, संयुक्त हिंदू कुटुंब, सहकारी संस्था आणि संयुक्त भांडवली संस्था अशा पाच प्रकारांची व्याख्या, वैशिष्ट्ये, गुण व दोष त्यात दिलेले असतात. हे प्रकरण पाठ करून चांगले गुण मिळविणे अवघड नाही. अवघड आहे ते शाळेच्या वाटेवरील पतसंस्थेच्या पाटीवर शेवटी लिहिलेला 'मर्यादित' हा शब्द कशाचे विशेषण आहे हे सांगणे. संस्था लहान आहे, तिचे कार्यक्षेत्र ठराविक आहे किंवा तिचा कारभार मर्यादशीर आहे, असे त्या शब्दाचे अर्थ केवळ भाषेच्या आधारे सहज निघू शकतात, आणि तिन्ही चुकीचे आहेत. ही अडचण विद्यार्थ्याच्या बुद्धीची नसून शब्दाच्या इतिहासातील आहे. रत्नागिरी जिल्ह्याच्या उदाहरणावरून ती विशेष स्पष्ट होते, कारण मालकीचे इतके विविध प्रकार एका लहान मुलखात क्वचितच एकत्र सापडतात.

येथे रत्नागिरी जिल्हा म्हणताना १ मे १९८१ पूर्वीचा, म्हणजे सिंधुदुर्गासह असलेला जिल्हा अभिप्रेत आहे. या मुलखात मालमत्तेची वाटणी सांगणारे शब्द विपुल आहेत : वाटा, हिस्सा, भाग, पाती, तक्षीम, सरकत. यांपैकी 'तक्षीम' आणि 'सरकत' हे अरबीतून फारसीच्या मार्गाने आलेले, तर 'वाटा' व 'भाग' घरचे. खोती गावाची मालकी एकाच पुरुषाची असणे हा अपवादच म्हणावयाचा. पिढ्यांच्या विभागणीने ती अनेक तक्षिमांत वाटली जाई, आणि रुपयाचे सोळा आणे धरून कोणाचे चार आणे, कोणाचे दोन, अशी तिची मोजणी होई. वहिवाट मात्र एकाच हाती असावी लागे. १८८० च्या खोती कायद्याने सहहिस्सेदारांपैकी एकास वहिवाटदार खोत म्हणून सरकार ओळखू लागले. मालकी अनेकांची आणि व्यवस्थापन एकाचे, हे जे तत्त्व आजचे पाठ्यपुस्तक भागधारक व संचालक यांच्या संदर्भात समजावून देते, ते कोकणातील भाऊबंदांना कज्जेदलालीसह चांगले ठाऊक होते. तथापि या उदाहरणाचा वर्गात उपयोग करताना दुसरी बाजू झाकणे योग्य होणार नाही. ही सारी वाटणी खोतांच्या आपापसातील होती. जमीन कसणारे कूळ तिच्या बाहेरच होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले आणि १९४९ च्या कायद्याने ती पद्धत संपली. वर्गात खोताचा नातू आणि कुळाचा नातू शेजारी बसलेले असतील, तर 'मालकी' या शब्दाचा ध्वनी दोघांच्या कानी सारखा उमटणार नाही.

किनाऱ्यावरील रापणीची गोष्ट याहून निराळी व अधिक शिकवण्याजोगी आहे. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढावयाचे प्रचंड जाळे. ते एका घराच्या ऐपतीचे नसते. निरनिराळी घरे आपापला जाळ्याचा तुकडा आणतात, ते तुकडे जोडून जाळे होते, आणि मिळालेल्या मासळीत माणसाचा वाटा, जाळ्याचा वाटा व होडीचा वाटा असे हिशेब होतात. श्रम आणि भांडवल यांची प्राप्ती येथे नावानिशी वेगळी केलेली आहे. भांडवल ही कल्पना मुलांना परकी वाटते असे म्हणणाऱ्याने एकदा रापण ओढून झाल्यावरची वाटणी पाहावी.

या लोकव्यवहाराला शास्त्राचाही आधार होता. स्मृतींनी व्यवहाराची जी अठरा पदे मानली आहेत त्यांत 'संभूयसमुत्थान', म्हणजे एकत्र येऊन केलेला उद्योग, हे एक पद आहे. लाभ, खर्च व हानी ज्याच्या त्याच्या अंशाप्रमाणे वाटावी, एकाच्या हयगयीने झालेले नुकसान त्यानेच भरून द्यावे, संकटातून माल वाचविणाऱ्यास दहावा हिस्सा द्यावा, असे नियम त्यात आढळतात. घर अथवा देऊळ बांधणाऱ्या कारागिरांच्या प्रमुखास दोन वाटे द्यावेत असे बृहस्पतीचे मत आहे. आधुनिक वाचकांपुढे हा विषय साधार मांडण्यात या जिल्ह्यातील दोन पंडितांचा वाटा मोठा आहे, हा योगायोग नोंदविण्यासारखा आहे. दापोली तालुक्यातील मुरुडचे विश्वनाथ नारायण मंडलिक यांनी १८८० साली याज्ञवल्क्यस्मृती व व्यवहारमयूख यांचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. चिपळूणजवळील परशुराम येथे जन्मलेले पांडुरंग वामन काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासात व्यवहारपदांचा सविस्तर परामर्श घेतला, आणि हे काणे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात रत्नागिरीच्या सरकारी हायस्कुलात शिक्षक होते.

शाळेत भागीदारी प्रथम येते ती मात्र गणिताच्या तासाला. लीलावतीत तीन व्यापाऱ्यांचे एक उदाहरण आहे. त्यांची भांडवले ५१, ६८ व ८५ अशी असून व्यापारान्ती एकूण ३०० होतात, तर प्रत्येकास किती मिळावे? उत्तर ७५, १०० व १२५. आठ शतकांहून अधिक काळ या गणिताच्या मांडणीत फारसा फरक पडलेला नाही. शालेय अंकगणितातील भागीदारांना प्रायः नफाच होतो. त्यांच्यापैकी कोणी कर्ज बुडवून परागंदा होत नाही आणि सावकार उरलेल्यांच्या दारी येऊन बसत नाही. भागीदारी म्हणजे वाटणीचे गणित अशी जी समजूत विद्यार्थी अकरावीत घेऊन येतो तिचे मूळ येथे आहे. वस्तुतः १९३२ च्या भारतीय भागीदारी अधिनियमाचा मर्मभाग वाटणीचा नसून देण्याचा आहे. भागीदार असताना पेढीने केलेल्या देण्याला प्रत्येक भागीदार एकत्रितपणे आणि स्वतंत्रपणेही जबाबदार असतो. दोन आण्यांचा भागीदारही धनकोच्या दृष्टीने सोळा आण्यांचा ऋणको होऊ शकतो. तक्षिमेच्या हिशेबात वाढलेल्या मनाला ही गोष्ट अन्यायाची वाटते, आणि म्हणूनच ती नीट शिकवावी लागते.

मर्यादित जबाबदारीची कल्पना या पार्श्वभूमीवर उशिरा आणि बाहेरून आली. मराठीतील अर्थशास्त्रविषयक आरंभीच्या ग्रंथांचा काळ या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. लोकहितवादींचे 'लक्ष्मीज्ञान' १८४९ चे, हरि केशवजी व मंडलिक यांचे 'देशव्यवहारव्यवस्था' १८५४ चे आणि कृष्णशास्त्री चिपळूणकरांची 'अर्थशास्त्रपरिभाषा' १८५५ ची. इंग्लंडमध्ये मर्यादित जबाबदारीचा सर्वसाधारण कायदा झाला तो १८५५ मध्येच, आणि हिंदुस्थानात तशी तरतूद झाली १८५७ मध्ये. तत्पूर्वीच्या १८५० च्या येथील कायद्याने कंपनीची नोंदणी होई, पण भागधारकाची जबाबदारी मर्यादित होत नसे. मराठीत अर्थशास्त्राची परिभाषा घडत होती त्या वेळी ज्या संकल्पनेला शब्द हवा होता ती येथील कायद्यात अजून यावयाची होती.

१८५५ च्या ब्रिटिश कायद्याने अशा कंपनीच्या नावाचा अखेरचा शब्द 'लिमिटेड' असावा असे बंधन घातले. हे भूषण नव्हते. या मंडळीशी उधारीचा व्यवहार करणाऱ्याने सावध असावे, वसुली भांडवलापुरतीच होईल, भागधारकाच्या घरापर्यंत पोहोचणार नाही, अशी ती जाहीर सूचना होती. इंग्रजीत तो शब्द एका मोठ्या वाक्प्रयोगाचा संक्षेप होता. मराठीत त्याचे 'मर्यादित' झाले आणि दोन अडथळे उत्पन्न झाले. मराठीत विशेषण सामान्यतः विशेष्याच्या आधी येते. नावाच्या शेवटी ठेवलेले, विशेष्य हरवलेले विशेषण कानाला अर्थ देत नाही. शिवाय 'मर्यादा' हा शब्द मराठीत किनारा, सीमा आणि शालीनता या अर्थांनी इतका मुरलेला आहे की 'मर्यादित' वाचून कोणी सावध होण्याऐवजी आश्वस्तच व्हावा. भाग घेणाऱ्याला ज्या शब्दाने संरक्षण मिळते त्याच शब्दाने ठेव ठेवणाऱ्याला इशारा मिळावयाचा असतो. हा इशारा भाषांतरात नाहीसा झाला. पतसंस्था अडचणीत आल्यावर ठेवीदार सभासदांच्या घरांकडे बोट दाखवितात तेव्हा तो हरवलेला इशाराच बोलत असतो.

'कंपनी' या शब्दाचीही अशीच कथा आहे. १८१८ नंतर रत्नागिरीवर ज्यांचे राज्य आले ती स्वतः एक भांडवली मंडळी होती, पण लोकांनी तिला 'कंपनी सरकार' म्हणून ओळखले. पुढे नाटकमंडळ्यांनाही 'नाटक कंपनी' म्हणण्याचा प्रघात पडला. १९१३ मध्ये निघालेल्या गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांबरोबर गोविंदराव टेंबे व गणपतराव बोडस मालक होते. पुढे ते दोघे वेगळे झाले आणि कर्जाचा भार बालगंधर्वांच्या शिरावर राहिला. नावाला 'कंपनी' असली तरी जबाबदारी अमर्यादित, हे समजावण्यास मराठी विद्यार्थ्यापुढे याहून परिचित उदाहरण ठेवता येणार नाही. 'को-ऑपरेटिव्ह' या शब्दानेही स्वदेशीच्या काळात असाच घोटाळा केला. बंगभंगाच्या चळवळीत मुंबईस निघालेल्या स्वदेशी भांडाराच्या नावात तो शब्द होता, आणि कोकणच्या किनाऱ्यावर प्रवासी नेणाऱ्या, 'माझी आगबोट कंपनी' म्हणून लोकप्रिय झालेल्या इंडियन को-ऑपरेटिव्ह स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या नावातही तो होता. परंतु १९०४ चा सहकारी कायदा फक्त पतसंस्थांपुरता होता. इतर प्रकारच्या सहकारी संस्थांना वाव मिळाला तो १९१२ मध्ये. शिवाय १९०४ च्या कायद्याने ग्रामीण पतसंस्थांची जबाबदारी सामान्यतः अमर्यादित ठेवली होती. एका बुडालेल्या सभासदाचे देणे साऱ्या गावावर येऊ शके, आणि म्हणूनच गाव एकमेकांवर लक्ष ठेवील असा त्यामागील तर्क होता.

कंपनी ही सभासदांहून निराळी, कृत्रिम व्यक्ती आहे, हे दुसरे तत्त्व शिक्षकांना फार अवघड वाटते. त्यासाठी बहुधा १८९७ चा सालोमनचा इंग्लिश खटला सांगितला जातो. लंडनचा एक चर्मव्यवसायी आणि त्याने स्वतःच स्थापन केलेली कंपनी या दोन भिन्न व्यक्ती होत, असा तो निर्णय. परंतु कोकणातल्या मुलास लंडनला नेण्याचे कारण नाही. गावात ग्रामदेवतेची जमीन असते. ती मानकऱ्यांची नसते, पुजाऱ्याची नसते, गावकऱ्यांची आपापसात वाटून घेण्यासारखीही नसते. ती देवाची असते. मानकरी मेले, नवे आले, तरी मालक बदलत नाही. सालोमनच्या दहा वर्षे आधी, १८८७ साली, डाकोरच्या देवस्थानासंबंधीच्या दाव्यात मुंबईच्या उच्च न्यायालयाने देवतेस विधिदृष्ट्या व्यक्ती मानले होते. देवता आणि कंपनी यांचे कायदे एक नाहीत, हे सांगून ही तुलना करावयास हरकत नाही. मनुष्येतर मालकाची कल्पना विद्यार्थ्याच्या अंगवळणी पडलेली आहे, एवढाच तिचा उपयोग.

राहता राहिली मर्यादित जबाबदारी. तिच्यासाठी मात्र लोकव्यवहारात तयार आधार नाही. उलट बापाचे ऋण मुलाने फेडावे हा धर्म मानला गेला होता, आणि मुंबई इलाख्यात त्याला कायद्याचे बळ होते. वारसास काही मिळाले असो वा नसो, देणे त्याच्याकडे येई. १८६६ च्या सातव्या मुंबई कायद्याने हे बदलले. मृताकडून जेवढी मालमत्ता हाती आली तेवढ्यापुरतीच वारसाची जबाबदारी ठरली. १८५७ मध्ये कंपनीच्या भागधारकास जे मिळाले ते नऊ वर्षांनी मुलाला मिळाले. 'मर्यादित' या शब्दाचा धडा द्यावयाचा तर या कायद्यापासून आरंभ करणे सोयीचे आहे, कारण कर्जाची गोष्ट रत्नागिरीच्या बहुतेक घरांत कोणत्या ना कोणत्या पिढीत घडलेली असते. ती सांगून झाली की 'मर्यादित कशाने?' या प्रश्नाला वर्गातूनच उत्तर येऊ शकते : जेवढे आले तेवढ्याने. भागधारकाच्या बाबतीत हे 'जेवढे घातले, किंवा घालण्याचे कबूल केले, तेवढ्याने' असे उलटते, आणि हा उलटा फेरा फळ्यावर मांडून दाखवावा लागतो.

पुत्राच्या धार्मिक ऋणाची ही परंपरा हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने पुढील कर्जांपुरती संपुष्टात आली. त्याच दुरुस्तीने कन्या सहदायाद झाली. दरम्यान २००२ मध्ये उत्पादक कंपनी, २००८ मध्ये मर्यादित दायित्व भागीदारी आणि २०१३ मध्ये एकव्यक्ती कंपनी असे नवे प्रकार कायद्यात आले. आंबा बागायतदारांची शेतकरी उत्पादक कंपनी ही यांपैकी पहिल्या प्रकारची. 'मर्यादित दायित्व भागीदारी' या नावात विशेष्य परत आलेले आहे. दीड शतकानंतर प्रथमच पाटीवरचा शब्द आपण कशाचे विशेषण आहोत हे स्वतः सांगतो.