लक्ष्यित प्रथिन विघटन

लक्ष्यित प्रथिन विघटन ही रोगास कारणीभूत ठरणारे विशिष्ट प्रथिन पेशीच्या स्वतःच्याच यंत्रणेकरवी नष्ट करवून घेण्याची औषधनिर्मितीतील एक पद्धत आहे. प्रचलित औषधांपैकी अनेक औषधे प्रथिनाच्या क्रियास्थळी बसून त्याचे कार्य रोखतात. या पद्धतीत ते प्रथिनच पेशीतून नाहीसे केले जाते.

नैसर्गिक यंत्रणा

पेशीतील निकामी वा अनावश्यक प्रथिनांना युबिक्विटिन या लहान प्रथिनाची साखळी जोडली जाते. ही जोडणी ई३ लायगेज गटातील विकरे घडवून आणतात. मानवात अशी सुमारे ६०० विकरे आहेत. अशी खूण झालेल्या प्रथिनाचे प्रोटिएसोम या पिंपासारख्या संकुलात तुकडे होतात. या यंत्रणेच्या शोधासाठी आरोन चेखानोव्हर, अव्राम हर्श्को व अर्विन रोझ यांना २००४ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

कार्यपद्धती

‘प्रोटॅक’ या प्रकारच्या रेणूला दोन टोके असतात. एक टोक लक्ष्य प्रथिनाला व दुसरे लायगेजला धरते. दोन्ही जवळ आल्यामुळे लक्ष्य प्रथिनावर विनाशाची खूण होते. क्रेग क्रूज व रेमंड डेशे यांच्या गटांनी २००१ मध्ये ही कल्पना प्रयोगाने मांडली. २०१९ मध्ये अशा रेणूंच्या मानवी चाचण्या सुरू झाल्या. दुसऱ्या प्रकारचे रेणू आकाराने लहान असून ते दोन प्रथिनांना थेट चिकटवतात. त्यांना ‘आण्विक गोंद’ म्हणतात.

सुरक्षिततेची शक्यता

विघटन घडवल्यावर प्रोटॅक रेणू मोकळा होऊन पुन्हा कामी येतो. त्यामुळे तत्त्वतः अल्प मात्रा पुरेशी ठरू शकते. योग्य लायगेज निवडून दुष्परिणामही टाळता येतात. नॅव्हिटोक्लॅक्स हे प्रायोगिक कर्करोगविरोधी औषध बीसीएल-एक्सएल प्रथिनास रोखते; परंतु रक्तातील प्लेटलेट त्याच प्रथिनावर तग धरत असल्याने त्यांची संख्या घटते. प्लेटलेटमध्ये व्हीएचएल हे लायगेज अत्यल्प असते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात या लायगेजवर आधारित डीटी२२१६ हा प्रोटॅक रेणू प्लेटलेटना बराच कमी अपायकारक आढळला.

थॅलिडोमाइडचा धडा

थॅलिडोमाइड १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत शामक म्हणून विक्रीस आले. गर्भवतींनी ते घेतल्याने जगभरात सुमारे १०,००० बालके हातापायांच्या व अन्य गंभीर व्यंगांसह जन्मली. १९६१ मध्ये जर्मनीत ते मागे घेण्यात आले. हे औषध सेरेब्लॉन या लायगेजच्या घटकास चिकटते, हे २०१० मध्ये जपानी संशोधकांनी दाखवले. त्याच वर्गातील लेनालिडोमाइड इकारोस व आयोलोस ही प्रथिने नष्ट करून मल्टिपल मायलोमा या रक्ताच्या कर्करोगावर गुणकारी ठरते, हे २०१४ मध्ये स्पष्ट झाले. थॅलिडोमाइडमुळे एसएएलएल४ हे गर्भाच्या वाढीस आवश्यक प्रथिनही नष्ट होते, असे २०१८ मध्ये आढळले. व्यंगांचे हे एक प्रमुख कारण मानले जाते. उंदरांमध्ये ही व्यंगे दिसत नाहीत.

म्हणजेच आण्विक गोंदाची उपकारक व अपायकारक कृती एकाच यंत्रणेतून घडू शकते. त्यामुळे लक्ष्याखेरीज अन्य कोणती प्रथिने नष्ट होतात, याची मानवी पेशींत कसून तपासणी करणे या पद्धतीत अत्यावश्यक ठरते.

मर्यादा

प्रोटॅक रेणू आकाराने मोठे असल्याने तोंडावाटे दिल्यास त्यांचे शोषण कठीण होते. मात्रा अतिरिक्त झाल्यास लक्ष्य प्रथिन व लायगेज वेगवेगळ्या रेणूंनी व्यापले जाऊन परिणाम उलट घटतो. शेकडो लायगेजांपैकी मोजक्यांचाच सध्या वापर होतो. लायगेजमध्ये उत्परिवर्तन झाल्यास कर्करोगाच्या पेशी उपचाराला दाद देईनाशा होऊ शकतात.